द्राक्षबागेवर मुक्कामी आलेल्या मजुरांच्या मुलांना नोव्हेंबरमध्ये शाळेत कसं घालायचं?

कादवाकाठ

गोडी छाटणी (फळासाठी घेतलेली वेलींची छाटणी) उरकली. डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) आणि विरळणी (घडातले जास्तीचे मणी कापणं) यांसाठी नाशिक जिल्ह्यातल्याच पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामी आल्या आहेत. एका बागेचं उदाहरण समोर ठेवतो, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

कुटुंबं पाच, मुलं नऊ. दोन अंगावरची, दोन अंगणवाडीच्या वयाची, पाच शाळेच्या वयाची. त्या पाचांत एक पहिलीत, एक दुसरीत, एक चौथीत, एक पाचवीत, आणि नऊ वर्षांची एक मुलगी, जिचं नाव कुठल्याच शाळेत नाही. शाळा सोडल्याचा दाखला कुणाकडेच नाही. आधार कार्ड दोघांकडे. जिल्हा परिषदेची शाळा अडीच किलोमीटरवर, वाटेत कालवा. शिमग्याला सगळे घरी जाणार.

आता नोव्हेंबरमध्ये प्रवेश मिळतो का? दाखल्याचं काय करायचं? दुपारचा आहार मिळेल का? आणि मार्चमध्ये परत गेल्यावर गावाकडच्या शाळेत त्यांची जागा राहते का? ज्यांना कामकाज माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा.

खडू-फळा

प्रवेश मिळतो, आणि शाळेला तो द्यावाच लागतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यातली चार कलमं तुमच्या कामाची आहेत. कलम ५: मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ शकतं आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. कलम १५: प्रवेशाची मुदत संपली तरी मुलाला घ्यायचं. कलम ९: स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश बघणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. आपल्याकडे खेड्यात ते म्हणजे जिल्हा परिषद.

पण मुख्याध्यापकांसमोर पहिल्याच भेटीत कलमं वाचू नका. मुलं आणि आईबाप यांना घेऊन जा. सोबत एका कोऱ्या कागदावर प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं आणि आईचं नाव, अंदाजे जन्मसाल, गाव-पाडा-तालुका, आधीची शाळा आणि इयत्ता, आणि कधीपर्यंत राहणार ते लिहा. हा एक कागद असला की निम्मं काम होतं. बहुतेक वेळा गाडी अडते ती शाळेला जुन्या शाळेचं नाव नीट कळत नाही म्हणून. मूल सांगतं पाड्याचं नाव, शाळा नोंदलेली असते गावाच्या नावानं. जुन्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मिळवा. तो असला की चुकीला जागा राहत नाही.

नऊ वर्षांच्या मुलीबद्दल: तिला पहिलीत बसवायचं नाही. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात, म्हणजे चौथीत, आणि सोबत विशेष प्रशिक्षण. ते किमान तीन महिने, कमाल दोन वर्षं. जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्याची किंवा एएनएमची (आरोग्यसेविकेची) नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, काहीच नसेल तर पालकाचं स्वयंघोषणापत्र चालतं.

नागली

खडू-फळा यांचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट आधी समजून घ्या. दाखला काढायच्या मागे लागू नका. त्या चार मुलांसाठी लागतं ते शिक्षण हमी पत्रक.

कारण असं. गावाकडची शाळा दाखला द्यायला नाखूश असते आणि तिच्या बाजूनं त्याला कारण आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार हे, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं, तेही आधार जुळलेल्या पटावर. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर वीस-पंचवीस पटाच्या शाळा कितीतरी. तिथली चार नावं कमी झाली तर एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. मग पुढच्या जूनला हीच मुलं परत येतात तेव्हा चार इयत्तांना एकच शिक्षक उरलेला असतो. म्हणजे दाखला नेल्यानं मुलाचंच नुकसान.

हमी पत्रकात मुलाचं नाव मूळ शाळेच्या पटावर राहतं. पत्रकावर मुलाची माहिती असते, मूळ शाळेचं नाव असतं आणि ते कुठल्या विषयात कुठपर्यंत आलं आहे याची नोंद असते. ते दाखवलं की जिथं जाईल तिथल्या शाळेनं बसवून घ्यायचं, परतताना तिथल्या शाळेनं आपली नोंद करून द्यायची. मूल परत आलं की मूळ शाळा पुढे चालू.

टॉमसन

हमी पत्रक कागदावर छान आहे. प्रत्यक्षात टोळीतल्या एकाही बापाच्या पिशवीत ते नसतं. का?

नागली

@टॉमसन, वेळ चुकते म्हणून. भातकापणी आणि झोडणी संपते ती दिवाळीच्या मागेपुढे. शाळेला तेव्हा सुट्टी. मुकादमाचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिकअप भरून माणसं निघतात. सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा गुरुजींना कळतं की अमकी चार मुलं गेली. आता पत्रक द्यायचं कुणाच्या हातात?

उपाय साधा आहे: पहिल्या सत्राच्या शेवटच्या दिवशीच पत्रकं भरून ठेवायची. संकलित मूल्यमापन एक तेव्हा झालेलं असतं, म्हणजे मुलाची पातळी लिहायला ताजी माहिती असते. कुठली कुटुंबं जाणार हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं, कारण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, श्रावण-भाद्रपदातच घेतलेली असते. उचलीची यादी म्हणजेच स्थलांतराची यादी. पत्रक मुलाजवळ द्यायचं नाही, हरवतं. आईजवळ द्यायचं, रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत. ती पिशवी कुठेही गेली तरी सोबत जाते.

आणि आता वेळ निघून गेली असेल तरी अडत नाही. मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून पत्रक भरून घ्या, फोटो मागवा, आणि मूळ प्रत टोळीतलं कुणी गावाकडे गेलं की आणायला सांगा. दोन मुख्याध्यापकांचं एकदा फोनवर बोलणं झालं की पुढचं सोपं होतं.

निर्यात_पेटी

+१. उचलीच्या यादीचा मुद्दा फार मोलाचा आहे. केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) हे धरलं पाहिजे.

टॉमसन

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. प्रत्येक गोष्ट बागायतदाराच्या गळ्यात येते. अवकाळी, गारपीट, औषधांचे भाव, व्यापाऱ्यानं बुडवलेले पैसे. त्यात आता मजुरांच्या पोरांची शाळाही त्यानंच बघायची का? शिक्षण खातं आहे, जिल्हा परिषद आहे. कायद्यात जबाबदारी त्यांची आहे हे वर लिहिलंच आहे.

हिरवी_पानं

@टॉमसन, मळेमालकाची जबाबदारी कायद्यानं कुठे आणि किती ठरवली होती ते बघण्यासारखं आहे. मळे कामगार अधिनियम १९५१ हा चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडे अशा मळ्यांसाठी केलेला कायदा होता, २०२५ मध्ये श्रमसंहिता लागू होईपर्यंत. आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, मुन्नार इथल्या मळ्यांवर कामगार पिढ्यान्‌पिढ्या मळ्यातल्याच वस्तीत राहतात. म्हणून त्यात कलम १४ आलं: मळ्यावरच्या कामगारांची ६ ते १२ वयाची मुलं २५ पेक्षा जास्त असतील तर मालकानं शिक्षणाची सोय करावी असे नियम राज्य सरकार करू शकत होतं. कलम १२ मध्ये ५० किंवा जास्त स्त्री कामगार असतील तिथं पाळणाघर.

नाशिकची द्राक्षबाग या कायद्याच्या व्याख्येत येत नव्हती. आणि आली असती तरी आकडे जुळले नसते. दोन-चार एकरांची बाग, पाच कुटुंबं, शाळेच्या वयाची पाच मुलं. पंचवीसचा आकडा एका बागेवर कधी भरायचाच नाही, आणि चार किलोमीटरच्या शिवारात मात्र अशी दीड-दोनशे मुलं असू शकतात. म्हणून इथं मळेमालकाच्या शाळेचा विचार सोडून जवळच्या सरकारी शाळेचाच विचार करावा लागतो. त्या अर्थी तुमचं म्हणणं खरं आहे. शाळा चालवणं हे बागायतदाराचं काम नाही. मुलाला शाळेच्या दारापर्यंत पोचवणं एवढं मात्र त्याच्याशिवाय होत नाही, कारण मूल त्याच्या बांधावर राहतं.

शिवार

साखरशाळांचं काय? ऊसतोड मजुरांसाठी कारखान्यांवर चालायच्या तशा द्राक्षपट्ट्यात का नको? ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळाही चालल्या.

खडू-फळा

@शिवार, हिरवी_पानं यांच्या प्रतिसादातच उत्तर आहे. कारखान्याच्या तळावर मजुरांच्या शेकडो कोप्या (झोपड्या) एका जागी असतात, भट्ट्याही एकमेकींना लागून असतात. द्राक्षाची टोळी मात्र शिवारभर विखुरलेली, शिवाय एका बागेवरून दुसऱ्या बागेवर हलणारी. डिपिंग एका मळ्यात, विरळणी दुसऱ्या, काढणी तिसऱ्या. तिथं वेगळी शाळा काढली तर ती कुणालाच जवळ पडणार नाही.

दुसरं, वेगळ्या शाळेत शिकलेल्याची नोंद मूळ शाळेत धरताना अडचणी येतात आणि शिकवणारा माणूस बहुधा मानधनावरचा, हंगामापुरता. चालू असलेल्या शाळेत पाच मुलं बसवली तर फळा, शिक्षक, आहार, शौचालय सगळं आहे तेच वापरलं जातं. बीडकडे हंगामी वसतिगृहांची पद्धत आहे, त्यात मूल गावातच राहतं आणि आईबाप तोडीला जातात. पेठ-सुरगाण्यात आजी-आजोबा घरी असतील तिथं ती चालण्यासारखी आहे.

वणीची_वाट

मग आश्रमशाळा आहेतच की! आदिवासी विकास आयुक्तालयच नाशिकला आहे, पेठ-दिंडोरीला नाशिकचा प्रकल्प, सुरगाण्याला कळवणचा. राहणं, जेवण, कपडे सगळं. मुलांची फरफट कशाला?

नागली

@वणीची_वाट, पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी सहमत. पण प्रवेश जूनमध्ये होतात, नोव्हेंबरच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. सहा वर्षांच्या मुलाला आईपासून दहा महिने लांब ठेवायचं का, हा निर्णय त्या आईचा आहे. आणि तिसरं, आश्रमशाळेतलं मूल दिवाळीच्या सुट्टीत घरी येतं तेव्हा घरी कुणीच नसतं. ते आईबापाच्या मागं बागेवर जातं आणि सुट्टी संपली तरी तिथंच राहतं. सोडायला जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते. दिवाळीनंतरची गळती अशी होते. तुमच्या बागेवर आश्रमशाळेतलं मूल असेल तर आधी त्याला परत पोचवा, इथं नव्यानं घालू नका.

पाळणा

सगळे शाळेच्या वयाच्या पाच मुलांबद्दल बोलत आहेत. मला त्या अंगावरच्या दोन मुलांबद्दल बोलायचं आहे, कारण त्यांच्यामुळेच शाळा बुडते.

बाग डोळ्यासमोर आणा. मांडवाखाली, दोन ओळींच्या मध्ये साडीची झोळी बांधलेली. आत आठ महिन्यांचं मूल. आई दहा वेलींवर पुढे, जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) पाण्याचा मग घडाखाली धरून एकेक घड बुडवतेय. झोळीच्या दोरीला हात लावून बसलेली असते ती नऊ वर्षांची मुलगी. आई ओळ बदलते तशी ती झोळी सोडते, पुढे नेते, परत बांधते. दिवसभर. तिचं नाव शाळेत घातलं तरी ती जाणार नाही, कारण झोळी कोण सांभाळणार? म्हणून आधी झोळीची सोय करा, शाळा त्यानंतर.

रोजगार हमीच्या कामावर याचा नियम आहे: कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. तीच पद्धत बागेवर आणा. टोळीत एक वयस्क बाई असतेच, जिला हात वर करून दिवसभर विरळणी झेपत नाही. तिला हे काम द्या. एका बागेवर चारच लहान मुलं असतील तर शेजारच्या दोन बागा मिळून एक जागा करा आणि मजुरी वाटून घ्या.

जागा पॅकिंग शेडमध्ये असो की पत्र्याच्या खोलीत, औषधाच्या खोलीपासून लांब हवी आणि फवारणीचा वारा तिकडे यायला नको. शेततळ्याला कुंपण करा. तळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की मोठा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. काठाला खुंट ठोकून गाठी मारलेले दोर चारी बाजूंनी पाण्यात सोडून ठेवा.

तीन ते सहा वयाची मुलं गावच्या अंगणवाडीत जाऊ शकतात. ताजा गरम आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, गरोदर आणि स्तनदा आईलाही. सेविकाताईंना पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर) नोंद हलवून घ्यावी लागते, त्यासाठी आईचं आधार आणि मूळ अंगणवाडीचं नाव लागतं.

कादवाकाठ

@पाळणा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मुलीचा प्रश्न मी दाखल्याचा समजत होतो. दोन बागा मिळून एक बाई, हे जमण्यासारखं आहे.

आता अंतराचं सांगा. अडीच किलोमीटर, कालवा, आणि या पट्ट्यात उसात बिबट्याही असतो.

कुंदेवाडीचा_गारठा

आधी वेळेचं गणित मांडा. मजूर बागेत सकाळी सात-साडेसातला शिरतात. पहिली ते चौथीचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४ पासून आहे. म्हणजे आई कामाला लागल्यावर दीड-दोन तासांनी शाळा भरते. त्या दोन तासांत त्याला उठवायला, खायला घालायला कुणी नसतं. मूल बागेतच रमतं आणि शाळा राहून जाते. गैरहजेरीचं निम्मं कारण हे दोन तास आहेत.

म्हणून जी बाई लहान मुलांसाठी ठेवाल तिच्याकडेच शाळेच्या मुलांना तयार करून वाटेला लावायचं काम द्या. अडीच किलोमीटर म्हणजे पहिलीच्या मुलाला पाऊण तास. एकटं सोडायचं नाही, पाचही जणांचा घोळका आणि सोबत एक मोठा माणूस. सकाळी बागेची पिकअप किंवा छोटा हत्ती गावात जातोच, दुधाला, डिझेलला, मजूर आणायला. त्याची फेरी साडेआठ-पावणेनऊला लावली की प्रश्न मिटतो. औषधाची टाकी लावलेल्या ट्रॅक्टरवर मात्र मुलांना बसवू नका. टाकीच्या अंगाला औषधाचा थर असतो, तो हाताला लागतो आणि त्याच हातानं ती डबा खातात.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो. घडांना गारठा लागू नये म्हणून आपण बागेत पहाटे शेकोट्या पेटवतो. त्याच पहाटे पत्र्याच्या खोलीत मुलं एका गोधडीत चौघं असतात. स्वेटर आणि बंद बूट नसतील तर जानेवारीत हजेरी पडणारच. जुने चालतात. पण दिवाळीतच गोळा करा.

खडू-फळा

अंतराच्या नियमाचीही भर घालतो. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षित आहे. त्यापलीकडे असेल तर समग्र शिक्षा योजनेत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, एका मुलामागे वर्षाला कमाल ६००० रुपये. पण ही यादी वार्षिक नियोजनात आधीच जाते. नोव्हेंबरमध्ये आलेल्या मुलांना त्याच हंगामात पैसे मिळतील असं धरून चालू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करून घ्या, "दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च अमुक शिवारातून इतकी मुलं येतात" असा. तो ठराव पुढच्या नियोजनाला जोडता येतो.

आहाराचं राहिलं होतं. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. तुमची पाच मुलं म्हणजे दिवसाला अर्धा किलो, महिन्याचे बावीस दिवस धरले तर अकरा किलो. रोजच्या उपस्थितीत त्यांची संख्या धरली की हिशेब बसतो. "तांदूळ आमच्या पटापुरताच येतो" असं ऐकायला मिळालं तर केंद्रप्रमुखांशी बोला, पुढच्या मागणीत वाढ धरता येते.

चौथा_पाडा

गुजरातेतल्या डांग, धरमपूरकडून आलेल्या टोळ्यांची मुलं गुजराती लिपीत वाचणारी असतात. त्यांचं कसं?

खडू-फळा

@चौथा_पाडा, प्रवेशाचा हक्क तोच. राज्याचं हमी पत्रक त्यांच्याजवळ नसणार. पण यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलाचा पेन (कायमचा विद्यार्थी) क्रमांक देशभर एकच असतो, तो जुन्या शाळेकडून किंवा गुणपत्रकावरून मिळवा. मूल कायमचं आलं असेल तर पेन आणि जन्मतारखेवरून नवी शाळा नाव आपल्याकडे ओढून घेऊ शकते. हंगामापुरतं आलं असेल तर नाव हलवू नका, नुसतं बसवा. जुन्या शाळेनं नाव सोडलं आणि नव्यानं घेतलं नाही तर ते पोर्टलच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कुठल्याच शाळेत नसलेल्यांच्या यादीत, पडून राहतं आणि मूल दोन्हीकडून गळतं.

लिपीचं म्हणाल तर गुजराती आणि देवनागरीत बरीच अक्षरं जवळची आहेत. तिसरी-चौथीचं मूल दोनेक महिन्यांत सरावतं. गणित पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. पहिलीच्या मुलाला घरी कोकणा किंवा डांगी बोली, तिथं शिक्षकानं थोडा धीर धरावा, गप्प बसलेलं मूल मठ्ठ नसतं.

टॉमसन

एक स्पष्ट विचारतो. दहा-बारा वर्षांची पोरं आईबापाबरोबर विरळणीला हात लावतात. कुणी सांगत नाही, आपणहून. ते कायद्यात बसतं का?

निर्यात_पेटी

नाही बसत. बालकामगार कायद्यात २०१६ ची दुरुस्ती झाल्यापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. शेतीत घरच्या व्यवसायाला शाळेची वेळ सोडून मदत, एवढीच सूट, आणि ती मुलाच्या स्वतःच्या कुटुंबाच्या शेतीसाठी. तुमची बाग त्याच्या घरची नाही. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही.

पोरं आपणहून हात लावतात असं दिसतं, पण त्याचं मूळ उक्त्यात, म्हणजे सगळं काम ठरावीक रकमेला अंगावर देण्यात, आहे. विरळणी एकरावर उक्ती दिली की जितके हात जास्त तितकं काम लवकर उरकून पुढची बाग धरता येते. अकरा-बारा वर्षांचं पोर उक्त्यात अर्धा माणूस धरलं जातं. रोजानं काम असेल तर पोराला कात्री द्यायचं कारणच उरत नाही. उक्तं द्यायचंच असेल तर मुकादमाबरोबर बोलतानाच मोठी माणसं किती ते नावानिशी लिहा आणि कात्र्या तेवढ्याच मोजून द्या. त्यापलीकडे कुणाला कात्री नाही म्हटलं की विषय संपतो.

आणि @टॉमसन, "बागायतदारानं का बघायचं" याला एक व्यवहारातलं उत्तर आहे. युरोपात माल पाठवणाऱ्यांना ग्लोबलगॅप या शेतमालाच्या प्रमाणपत्राबरोबर ग्रास्प हे सामाजिक मूल्यांकन बरेच खरेदीदार मागतात. त्यात हा मुद्दा आहे की शेतावर राहणाऱ्या कामगारांची शाळेच्या वयाची मुलं शाळेत जातात का. तपासनीस यादी मागतो: मुलाचं नाव, आईबापाचं नाव, जन्मतारीख, शाळा. चालत जाण्याजोग्या अंतरावर शाळा नसेल तर वाहनाची काय सोय आहे ते विचारतो. खडू-फळांनी पहिल्याच प्रतिसादात जो कागद करायला सांगितला आहे, तोच कागद इथं चालतो. शाळेच्या सहीची हजेरी जोडली की झालं. फक्त तपासणीच्या आठवड्यापुरती मुलं शाळेत पाठवू नका. मुलाशी दोन मिनिटं बोललं की सगळं उघड होतं, आणि त्यात फसवणूक मुलाचीच होते.

टॉमसन

कात्र्या मोजून द्यायची पद्धत पटली. बाकी मत कायम आहे की खात्यानं पुढाकार घ्यावा, पण पिकअपची फेरी साडेआठला लावणं काही अवघड नाही.

शिवार

थोडं अवांतर. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण दरवेळी होतात, त्यात ही मुलं कधीच कशी दिसत नाहीत?

नागली

@शिवार, अवांतर अजिबात नाही. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात मोजणी झाली. मिशन झिरो ड्रॉपआउट २०२२ चं, तेही जुलैत. जुलैमध्ये पेठ-सुरगाण्यात भाताची आवणी चालू असते. सगळी माणसं गावात, सगळी मुलं शाळेच्या पटावर. मोजणारा घरी गेला तर मूल घरात किंवा शाळेतच सापडणार. तीच मुलं नोव्हेंबर ते मार्च दिंडोरी-निफाडच्या बागांत असतात आणि तेव्हा मोजायला कुणी येत नाही. नियमाप्रमाणे महिनाभर सलग गैरहजर मूल शाळाबाह्य धरतात. त्या हिशेबानं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बागा-बागांवर जाऊन मोजलं पाहिजे, डिपिंग-विरळणीची गर्दी असते तेव्हा. बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणायचं काम दिलेल्या) शिक्षकांनी दोन तालुक्यांत मिळून ती एक फेरी केली तरी खरा आकडा समोर येईल. पेठच्या शिक्षकाला मुलं ओळखू येतात आणि दिंडोरीच्या शिक्षकाला बागा. दोघांनी एकाच गाडीवर बसून फिरावं.

वणीची_वाट

हे पटलं. आणि शाळेनं नाकारलंच तर तक्रार कुठे?

खडू-फळा

केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). कायद्याच्या कलम ३२ मध्ये लेखी तक्रार करता येते, पण निकालाला तीन महिन्यांची मुदत आहे. तीन महिन्यांत काढणी संपून टोळी घरी जाते. म्हणून तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी केंद्रप्रमुखांना फोन करा आणि मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत न्या. नकार लेखी मागितला की सहसा तो मिळत नाही, प्रवेश मिळतो.

कादवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न राहिला, परत जाण्याचा. शिमग्याला गेल्यावर काही कुटुंबं काढणी आणि खरड छाटणीसाठी (काढणीनंतरची वेलींची छाटणी) पुन्हा येतात, काही येत नाहीत. पाचवीतल्या मुलाची परीक्षा एप्रिलमध्ये आहे.

नागली

पाचवीचं मूल सर्वांत जपा. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नापास तर त्याच वर्गात. ज्याचं नाव मूळ शाळेच्या पटावर आहे त्याची परीक्षा तिथंच होणार. म्हणून शिमग्याला गेल्यावर त्याला परत बागेवर आणायचं नाही, आजीजवळ परीक्षेपर्यंत ठेवायचं. हे आईबापाशी आत्ताच बोलून ठेवा, मार्चमध्ये पिकअप उभी असताना नाही.

निघायच्या दोन दिवस आधी इथल्या शाळेकडून प्रत्येक मुलाचा एक कागद घ्या: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बसलं, किती दिवस हजर, भाषेत आणि गणितात कुठपर्यंत आलं, मुख्याध्यापकांची सही-शिक्का. हमी पत्रकावर तशी नोंद होत असेल तर उत्तम, नसेल तर साध्या कागदावर. चौथीत बसवलेल्या मुलीचा कागद वेगळा आणि जास्त काळजीनं करा. तिचं नाव तिकडे कुठल्याच पटावर नाही, तिला परतल्यावर पाड्यावरच्या शाळेत घालायचं आहे. तिचा दाखला मात्र इथूनच काढावा लागेल, कारण तिची पहिली शाळा हीच.

पाळणा

आणि त्या कागदाची एक प्रत तिच्या आईच्या रेशन कार्डाच्या पिशवीत.